उन्हाळी संशोधन इंटर्नशिप : भूविज्ञानाच्या दारापर्यंत आपली मुले का पोहोचत नाहीत?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील गावांना नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी हे नाव तोवर जिल्ह्याबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते, ते रोज वर्तमानपत्रांत येऊ लागले. धक्के बहुतेक लहान होते, पण उथळ. त्यामुळे जमिनीखालून स्फोटासारखा आवाज यायचा, भिंतींना तडे जायचे आणि थंडीच्या रात्री माणसे लेकराबाळांसह अंगणात झोपायची. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चाराच्या वर तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा घराबाहेर पळताना एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय) आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी भूकंपमापक यंत्रे बसवली आणि हजारो लहानमोठे धक्के नोंदले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत खोल झिरपते, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, असे एक कारण शास्त्रज्ञांनी मांडले.

मी राहते ते केळवे या भागापासून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर आहे. मधोमध तारापूरचे अणुवीज केंद्र, त्याच्या शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत. धक्के सुरू झाले तेव्हा आमच्या वस्तीतही प्रश्न विचारले जात होते. हे थांबणार कधी? मोठा येईल का? तारापूरचे काय? उत्तरे द्यायला कोणीतरी बाहेरून यावे लागायचे. जिल्ह्यात बी.एस्सी. झालेली मुले आहेत, एम.एस्सी. झालेली आहेत. बौद्ध आहेत, वारली, मल्हार कोळी, मांगेला आहेत. पण भूकंपमापकाचा आलेख समोर ठेवला तर तो वाचता येईल असे त्यांच्यातले कोणी मला तरी भेटले नाही.

हे फक्त भूकंपाचे नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, १५० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. दोन्ही आदिवासी वस्त्या. दरड कुठे कोसळू शकते, विहीर खारी का झाली, समुद्र किनारा का खातो आहे, हे सांगणाऱ्या शास्त्राला भूविज्ञान म्हणतात. ज्यांच्या घराखालची जमीन सरकते ते आणि त्या जमिनीचा अभ्यास करणारे, या दोन गटांत आज जवळजवळ काहीच देवाणघेवाण नाही. ती व्हावी यासाठी मोठमोठ्या गोष्टी करता येतील. हा लेख एका छोट्या गोष्टीविषयी आहे : उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन संस्थेत जाऊन काम शिकण्याविषयी.

इंटर्नशिप म्हणजे नक्की काय करायचे असते?

आपल्याकडे इंटर्नशिप म्हटले की कंपनीतली फुकटची नोकरी डोळ्यांसमोर येते. संशोधनातली इंटर्नशिप वेगळी असते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मे ते जुलै या काळात सहा-आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक छोटा प्रश्न घेऊन काम करतो आणि शेवटी अहवाल लिहितो. नवा शोध लागावा अशी अपेक्षा नसते. शास्त्रज्ञ रोज काय करतात हे आतून दिसते, आणि काम नीट केले तर त्या शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र मिळते. या पत्राची किंमत पुढे कळते. पीएच.डी.च्या मुलाखतीला, परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला, प्रकल्प सहायकाच्या जागेला विचारले जाते की, याआधी कुठे काम केलेत? ज्याच्याकडे उत्तर असते तो आणि नसते तो, यांच्या गुणपत्रिका सारख्या असल्या तरी निवड सारखी होत नाही.

काम कसे असते याचे एक उदाहरण धुंदलवाडीचेच घेऊ. भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली ‘पी’ लहर वेगवान असते, ती आधी पोहोचते. ‘एस’ लहर मागून येते, पण जास्त हलवते. यंत्राच्या आलेखावर दोन्ही वेगवेगळ्या दिसतात. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांच्यातल्या सेकंदांवरून वीज किती दूर पडली हे आपण ओळखतो, तसेच इथेही करायचे. जवळच्या भूकंपासाठी ढोबळ नियम असा की, दोन लहरींमध्ये जितक्या सेकंदांचे अंतर, त्याच्या आठपट किलोमीटरवर भूकंपाचा उगम. दोन सेकंद म्हणजे साधारण १६ किलोमीटर. एका यंत्रावरून फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही. म्हणून तीन ठिकाणची यंत्रे घेऊन नकाशावर तीन वर्तुळे काढायची, ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे उगम. आता हे संगणक करतो, पण संगणकाने लावलेली खूण बरोबर आहे का हे तपासायला आजही माणसाचा डोळा लागतो. इंटर्नला पहिल्या आठवड्यात असेच काम देतात : शे-दोनशे आलेखांवर पी आणि एस ओळखून खुणा कर. अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र आलेल्या मुलाला हे जमते.

दुसरे उदाहरण आमच्या केळवे-माहीमचे. इथे नारळ, केळी, विड्याच्या पानांच्या बागा आहेत आणि सगळ्यांचा जीव विहिरीच्या पाण्यावर. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. गोडे पाणी जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. कोणत्या विहिरीत, कोणत्या महिन्यात, किती क्षार, हे मोजायला पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे एक छोटे मीटर आणि सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन पुरते. हे टायट्रेशन रसायनशास्त्राच्या प्रत्येक बी.एस्सी. विद्यार्थ्याने कॉलेजात केलेले असते. फक्त ते आपल्या आजीच्या विहिरीवर करता येते, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तिसरे किनाऱ्याचे. केळव्याला येणाऱ्या पर्यटकाला सुरूचे बन दिसते. इथल्यांना दिसतात ती मुळे उघडी पडून आडवी झालेली झाडे. किनारा किती सरकला हे सांगायला आता फक्त आठवणींवर अवलंबून राहावे लागत नाही. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रे घेत आहेत आणि ती २००८ पासून सर्वांना मोफत आहेत. क्यूजीआयएस नावाचे नकाशाचे सॉफ्टवेअरही मोफत आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी दहा-दहा वर्षांच्या अंतराने किनाऱ्याची रेघ काढून ती किती मीटर सरकली हे दाखवू शकतो.

तिन्ही उदाहरणे मुद्दाम दिली. भूविज्ञानाला जायचे तर पदवीला भूगर्भशास्त्रच हवे, असा समज आहे आणि पदवीला तो विषय शिकवणारी कॉलेजे मोजकी आहेत. प्रत्यक्षात भौतिक, रसायन, गणित, संगणक, भूगोल यांतील कोणत्याही विषयाच्या मुलाला या संस्थांत उपयोगी काम असते. हा एक गैरसमज दूर झाला तरी पालघर-बोईसरच्या कॉलेजांतून अर्ज करू शकणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढेल.

दारे कुठे आहेत?

देशातला एक जुना आणि मोठा मार्ग तीन विज्ञान अकादमींचा आहे : बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी. त्या मिळून ‘समर रिसर्च फेलोशिप’ चालवतात. दोन महिने, देशभरातील शास्त्रज्ञांकडे, विद्यावेतनासह. प्रवासखर्चही मिळतो. विषयांच्या यादीत भू व ग्रहविज्ञान आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सोबत आपल्याला काय करायचे आहे याचे छोटे टिपण आणि एका शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे, उन्हाळ्याचा हा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये निघतो आणि बंद होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीची तयारी सुरू होते तेव्हा अर्ज उघडलेला असतो आणि महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहतो तेव्हा तो बहुधा बंद झालेला असतो. आपल्या मुलांना याची आठवण मे महिन्यात होते.

याशिवाय संस्था स्वतःही विद्यार्थी घेतात, काही जाहिरात देऊन, काही विद्यार्थ्याने थेट शास्त्रज्ञाला लिहिले तर. आपल्याला जवळच्या संस्था बऱ्याच आहेत. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते. (ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून ती समुद्रापलीकडे हलवली. विकास येणार म्हणून हलावे लागलेल्यांत एक वेधशाळाही आहे, म्हणायचे!) पुण्यात १९६२ पासूनची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि आयसर, पवईला आयआयटीचा भूविज्ञान विभाग, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र. कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर आजही त्या भागात धक्के का बसतात हे समजून घेण्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. आणि धुंदलवाडीचे धक्के मोजणारी एनजीआरआय हैदराबादला.

केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीही इथे सांगायला हवी. विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्याला वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० खास उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. रचना उत्तम आहे. पण बारावीच्या बोर्डातील वरचे एक टक्का, ही तिची मुख्य अट. कोचिंग क्लासचे पैसे ज्यांच्याकडे आहेत ते त्या एक टक्क्यात सहज दिसतात. आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन ७० टक्के मिळवणारा मुलगा प्रयोगशाळेत अधिक चांगले काम करू शकतो का, हे तपासण्याची सोयच या अटीत नाही.

आरक्षण जिथे संपते

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. प्रवेशाला आरक्षण आहे, नोकरीला आरक्षण आहे. या दोहोंच्या मध्ये जी घडण होते, म्हणजे उन्हाळ्यातले काम, शिफारसपत्र, परिषदेत भेटलेली माणसे, ती जवळजवळ सगळी अनौपचारिक आहे. प्राध्यापकाला ईमेल करावा हे सुचणे, तो कसा लिहायचा हे ठाऊक असणे, घरात किंवा इमारतीत कोणीतरी आधी तिथे गेलेले असणे, यांवर ती चालते. यात कोणी आपल्याला ‘नाही’ म्हणत नाही. म्हणून अन्याय दाखवताही येत नाही. नकाराचा कागदच नसतो तर दाद कुठे मागणार?

अडथळे अगदी साधे असतात. माझ्या ओळखीची एक मुलगी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करत होती, गुण चांगले. दुसऱ्या वर्षाच्या मेमध्ये ती किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात बसली, कारण पुढच्या वर्षाची फी त्यातून निघणार होती. तिला मी अकादमीच्या फेलोशिपबद्दल सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “ताई, पैसे भरायचे की मिळतात?” मिळतात, हे तिला खरे वाटेना. पुढच्या हंगामात तिने अर्ज करायचे ठरवले, तर शिफारसपत्र देणाऱ्या सरांनी असे पत्र कधी लिहिलेच नव्हते. त्यांनी ‘विद्यार्थिनी सुस्वभावी व नियमित आहे’ असे दोन ओळींचे पत्र दिले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण निवड समितीला हवे असते ते वेगळे : हिने कोणता प्रयोग स्वतः उभा केला, चुकल्यावर काय केले, काय विचारते. आम्ही सरांना दुसऱ्यांदा भेटलो, तिने केलेल्या पाण्याच्या तपासणीची वही दाखवली आणि पत्र पुन्हा लिहून घेतले. ते पहिल्यापेक्षा कितीतरी सरस होते. त्या वर्षी तिची निवड झाली नाही. तेच पत्र आणि तीच वही घेऊन तिने पुढे एका संस्थेतील शास्त्रज्ञांना थेट लिहिले आणि सहा आठवडे काम मिळाले, विनावेतन. राहण्याचा खर्च वस्तीने वर्गणी काढून दिला.

विनावेतन हा शब्द इथे नीट पाहायला हवा. ज्याच्या घरी उन्हाळा म्हणजे मामाचे गाव, त्याला दोन महिने फुकट काम परवडते. बोईसरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे दोन महिने राबून जो मुलगा घराचे पत्रे बदलतो, त्याच्यासाठी विनावेतन इंटर्नशिप म्हणजे दोन महिन्यांचा पगार गेला आणि वर खोलीभाडे द्यायचे. पनवेल जवळ आहे म्हणतो आपण, पण केळवे रोडहून रोज जाऊन-येऊन प्रयोगशाळेत उभे राहणे शक्य नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. हैदराबादला दोन महिने? तिथे कोण आहे आपले? या प्रश्नाला ‘समाज मागासलेला आहे’ असे उत्तर देऊन चालत नाही. आईला वसतिगृहाचा पत्ता, वॉर्डनचा फोन आणि आधी जाऊन आलेली एखादी मुलगी दाखवावी लागते. ती दाखवली की बहुतेक आया तयार होतात, हा माझा अनुभव आहे.

अमेरिकेत काय केले?

अमेरिकेत भूविज्ञान हा कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांचे प्रमाण फार कमी असलेल्या विज्ञानशाखांपैकी एक. २०१८ मध्ये रेचेल बर्नार्ड आणि एमिली कूपरडॉक या दोन संशोधकांनी ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आकडेवारी मांडून दाखवले की, पीएच.डी. घेणाऱ्यांमधली वांशिक विविधता ४० वर्षांत पुढे सरकलेलीच नाही. मात्र काही ठिकाणी प्रयत्न आधीपासून सुरू होते. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे वातावरण संशोधनासाठी १९९६ पासून ‘सोअर्स’ नावाचा उन्हाळी कार्यक्रम सुरू झाला. त्याच धर्तीवर त्याच शहरातल्या युनावको या संस्थेने २००५ पासून भूकंप, ज्वालामुखी, भूकवचाची हालचाल अशा विषयांसाठी ‘रेसेस’ सुरू केला. हे दोन्ही कार्यक्रम अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले होते, आपल्यासाठी नव्हे. त्यांची रचना मात्र पाहण्यासारखी आहे.

पगार मिळायचा, त्यामुळे उन्हाळी नोकरी सोडावी लागत नसे. विद्यार्थ्याला एकटे टाकत नसत, सगळ्यांची तुकडी एकत्र असायची. विज्ञानाचा मार्गदर्शक वेगळा आणि लिखाणाचा मार्गदर्शक वेगळा. वैज्ञानिक अहवाल कसा लिहायचा हे ज्याच्या घरात कोणी लिहिलेले नाही त्याला शिकवावे लागते, हे त्यांनी गृहीत धरले. आपल्याकडे हेच न येणे म्हणजे ‘दर्जा नाही’ असे समजतात. आणि उन्हाळा संपला की संबंध संपत नसे, विद्यार्थी आपले काम मोठ्या वैज्ञानिक परिषदेत भित्तिपत्रकावर मांडायचा.

तिथली पुढची हकिगतही सांगायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या सरकारने विविधता आणि समावेशनाचे सरकारी कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. धोरण म्हणून दिलेली गोष्ट एका सहीने मागे घेता येते. आपल्याकडे आरक्षण संविधानात आहे म्हणून ते इतक्या सहज काढता येत नाही. उन्हाळी संशोधनाच्या संधी मात्र अजून संस्थांच्या मर्जीवर आहेत. म्हणून एक मागणी संघटनांनी लावून धरायला हवी : सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने उन्हाळी विद्यार्थी उघड जाहिरातीने घ्यावेत, सर्वांना विद्यावेतन द्यावे आणि दरवर्षी किती अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी विद्यार्थी आले याचा आकडा प्रसिद्ध करावा. माहितीच्या अधिकारात हा आकडा मागायला दहा रुपये लागतात. एकेका तरुणाने एकेका संस्थेला अर्ज केला तरी वर्षभरात चित्र समोर येईल.

बाबासाहेबांचा भूविज्ञानाशी संबंध

आपल्या जयंतीच्या भाषणांत एक भाग नेहमी राहून जातो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. खाणकामगार, वीज आणि पाटबंधारे त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. दामोदर खोरे, महानदी यांच्या योजनांवर त्यांनी काम केले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांविषयीच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. पूर कसा येतो, गाळ किती वाहतो, धरण कुठे बसते, हे अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेल्या माणसाने तज्ज्ञांच्या अहवालांतून समजून घेतले आणि मग निर्णय घेतले.

आणखी एक गोष्ट या विषयाला थेट लागू आहे. ते १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. प्रवेश मिळणे आणि तिथे टिकून राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला काढले ते वसतिगृह. शाळा होत्या, पण मुलगा राहणार कुठे आणि खाणार काय? उन्हाळी इंटर्नशिपचा प्रश्न आज तिथेच अडलेला आहे.

हे आपल्या जिल्ह्यात का तातडीचे आहे

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये पर्यावरणाविषयीची जनसुनावणी झाली. बंदर हवे की नको यावर आपल्यातही मतभेद आहेत आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण समुद्रात भराव घातल्यावर गाळ कुठे साचेल, प्रवाह कुठे वळतील, दक्षिणेकडच्या किनाऱ्यांचे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे जाडजूड इंग्रजी अहवालांत, नकाशांत आणि कोष्टकांत असतात. मच्छीमार बांधवांना समुद्र त्या कोष्टकांपेक्षा जास्त कळतो. तरी सुनावणीत त्यांचे म्हणणे ‘भावना’ म्हणून नोंदले जाते आणि कोष्टक ‘पुरावा’ म्हणून. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. तिथेही शेवटी पाण्याचे नमुने आणि त्यातले आकडेच बोलले. आपल्या बाजूने कोष्टक वाचणारी, गरज पडली तर स्वतःचे कोष्टक मांडणारी पाच मुले या जिल्ह्यात असती तर निकाल बदलला असता असे मी म्हणत नाही. प्रश्न अधिक नेमके विचारले गेले असते, एवढे नक्की.

आणि घरच्यांचा प्रश्न असतो : यातून नोकरी लागते का? लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जागा यूपीएससीच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात, तिथे आरक्षण आहे. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.लाही त्यात केमिस्टची जागा असते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये भू, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे.

विहारात, अभ्यासिकेत काय करता येईल

स्पर्धा परीक्षांसाठी आपण अभ्यासिका उभ्या केल्या, त्या चालतात. त्याच खोलीत, त्याच कार्यकर्त्यांनी हे काम जोडून घ्यायचे आहे. ऑगस्टमध्ये वस्तीतली विज्ञान शाखेची मुले शोधून काढा. आपल्याबरोबर आदिवासी पाड्यांवरचीही बोलवा, जिल्ह्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकसंख्या त्यांची आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाला श्रेयांक मिळतात. मुले ते काम कुठूनतरी उतरवून काढतात. त्याऐवजी वस्तीतल्या विहिरी मोजायला लावा. तीन महिन्यांच्या नोंदींची एक वही झाली की अर्जाचे टिपण आपोआप तयार होते, कारण लिहायला काहीतरी असते.

शास्त्रज्ञाला ईमेल लिहिताना मुले नेटवरचा नमुना उचलतात, ‘मला आपल्या थोर कार्यात रस आहे’ छापाचा. असे पत्र शास्त्रज्ञ उघडून लगेच बंद करतात. पाच-सहा ओळी पुरतात : मी कोण, कुठे शिकतो. आपल्या अमुक कामाविषयी वाचले, त्यातला हा भाग समजला, हा समजला नाही. मी स्वतः हे एवढे मोजले आहे. या तारखेपासून या तारखेपर्यंत येऊ शकतो. विद्यावेतनाची गरज आहे, हेही लिहावे, त्यात कमीपणा नाही. साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावे आणि पाठवण्याआधी इंग्रजीच्या शिक्षकाला दाखवावे. दहा पत्रांना एखादे उत्तर येते. दहा पत्रे न गेल्यामुळे ते येत नाही, असेच मी जास्त पाहिले आहे.

जयंतीची वर्गणी हा नाजूक विषय, पण बोलतेच. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीचे दोन महिन्यांचे खोलीभाडे निघते. आमच्याकडे गेल्या वर्षी जयंती समितीने एक छोटी रक्कम बाजूला काढली. वाद झाले, अजून होतात. रक्कम मात्र टिकून आहे.

शेवटी कागदपत्रांचे. इंटर्नशिपला सहसा जातीचा दाखला मागत नाहीत, पण पुढे पीएच.डी. प्रवेश, फेलोशिप आणि केंद्राच्या परीक्षांना तो लागतो आणि तिथे बौद्ध विद्यार्थी अडकतात. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. राज्याच्या कामासाठीच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ लिहिलेले असते, केंद्रीय संस्थांना मात्र केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला हवा असतो. दोन्ही काढून ठेवा. दाखल्याला वेळ लागतो, त्यामुळे तो अर्ज ऑगस्टच्या पहिल्या बैठकीतच भरून घ्यावा आणि सोबत आधार जोडलेले बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने आहे का, हेही पाहावे. विद्यावेतन वडिलांच्या खात्यावर जमा होत नाही.